साठेबाईंच्या नऊ कुंड्या

आमच्या घरात नुसती बघायला म्हणून ठेवलेली एकही वस्तू नव्हती. कऱ्हाटीच्या शिवारात, गावापासून जरा बाजूला आमची वस्ती. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रा आणि शेजारी गोठा. भिंतीवर एक कॅलेंडर असायचं, ते खताच्या दुकानदारानं दिलेलं. वर्ष संपलं की आई त्याच्या कोऱ्या बाजूवर सांडगे घालायची. अंगणात झेंडू होता, तो दसऱ्याला लागतो म्हणून. मांजर होतं, ते उंदीर धरायचं, आणि ज्या आठवड्यात धरायचं नाही त्या आठवड्यात आम्ही सगळे त्याच्याकडे जरा संशयानं बघायचो. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात उरलो आई, तात्या आणि मी. माझा उपयोग काय ते अजून ठरायचं होतं.

तात्या म्हणजे माझे वडील. आमची जमीन फार नव्हती, पण विहिरीला पाणी होतं, त्यामुळं वांगी, गवार, टोमॅटो, मिरची असा माळवं काढायचा उद्योग बारा महिने चालायचा. सकाळी जाग यायची ती इंजिनाच्या आवाजानं. तात्या आधी त्याला हँडल मारायचे, मग शिव्या द्यायचे, मग ते सुरू व्हायचं. हा क्रम कधी चुकला नाही. मग पाटाचं पाणी खळखळायला लागायचं, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि म्हैस ओरडायची, कारण तिला वाटायचं आपल्याला विसरले. जेवायला बाजरीची भाकरी आणि त्या आठवड्यात बाजारात ज्याला भाव नसेल ते. वांग्याला भाव नसला की सकाळी वांगं, संध्याकाळी वांगं, आणि पाहुणे आले तर भरलं वांगं. मला आजही बाजारात वांगी महाग दिसली की उगाच बरं वाटतं.

पण तात्यांचं खरं नाव होतं ते पानांमुळं. पंचक्रोशीतला माणूस आपल्या रानातलं दुखणाईत पान धोतराच्या सोग्यात गुंडाळून आमच्या ओसरीवर यायचा. तात्या ते पान उन्हाकडं धरायचे, मागून बघायचे, बोटांत चुरगळून वास घ्यायचे, आणि डॉक्टरासारखे थोडा वेळ काहीच बोलायचे नाहीत. मग सांगायचे: मावा हाय, करपा हाय, बोकड्या हाय. पान पिवळं पडलं तर केवडा, लाल पडलं तर लाल्या. औषधपण सांगायचे, आणि गडी चहा पिऊन जायचा. पिकं बरी व्हायची की नाही ते नक्की मला ठाऊक नाही, पण ज्यांची बरी झाली नाहीत ते परत सांगायला आले नाहीत, म्हणून तात्यांचा गुण शंभर टक्के होता. त्यांचा एकच दंडक होता: हिरवं म्हणजे बरं. हिरव्यावाचून दुसरा कुठलाही रंग पानावर दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

त्या साली मी दहावीची परीक्षा दिली होती. निकाल यायचा होता. मला अकरावीला बारामतीच्या कॉलेजात जायचं होतं. तात्यांचा शिक्षणाला विरोध नव्हता, एसटीला होता. सकाळची गाडी येईल तेव्हा येई, आणि संध्याकाळची आली नाही तर मुलीनं स्टँडवर काय करायचं, हा त्यांचा सवाल, आणि त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं, कारण संध्याकाळची गाडी खरंच यायची नाही. "बारामतीत राहायची सोय आसल तर जा," ते म्हणायचे. बारामतीत आमचं कुणी नव्हतं. म्हणजे जा म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, असं ते होतं.

आमच्या हायस्कुलात साठेबाई विज्ञान शिकवायच्या. रोज बारामतीहून यायच्या. नवऱ्याची नोकरी सोलापूरकडं, ते शनिवारी यायचे. बाई एकट्याच माडीवरच्या दोन खोल्यांत राहायच्या. शिस्तीच्या होत्या, हसायच्या कमी, आणि हसल्या तरी कुणाला हसल्या ते कळायचं नाही. परीक्षा झाल्यावर एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं.

"शालन, मे महिन्यात तुमच्या विहिरीला पाणी असतं?"

"असतं, बाई."

"मी दीड महिना माहेरी जाणार आहे. माझ्या नऊ कुंड्या आहेत, कोलियसच्या. दरवर्षी शेजारी देऊन जाते आणि दरवर्षी परत येऊन काटक्या बघते. या वर्षी तू सांभाळ." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला घरी सोबत हवीच आहे. पण सांगितलेलं ऐकणारं माणूस हवं. कुंड्या नीट परत आणल्यास तर कॉलेजला माझ्याकडे राहा. तुझ्या वडिलांना मी सांगते."

आख्ख्या वर्गातून माझी निवड हुशारीवर झाली नव्हती, विहिरीवर झाली होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाईंनी वहीचा एक कागद लिहून दिला. सकाळचं कोवळं ऊन द्यावं, दुपारचं देऊ नये. अगदी अंधारातही ठेवू नये, पानांचा रंग जातो. बोटाचं पेर मातीत घालून बघावं, कोरडं लागलं तर पाणी. शेंडे खुडत जावेत म्हणजे झाड बुटकं आणि भरगच्च राहतं. तुरा आला की लगेच काढावा. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: खत देऊ नये.

तात्या बाजारात माळवं उतरवून येताना रिकाम्या टेंपोत कुंड्या घालून घेऊन आले. पुढं ड्रायव्हरशेजारी बसायचं सोडून ते मागं कुंड्यांपाशी बसून आले होते. मला वाटलं, पोरीच्या बाईंच्या कुंड्या म्हणून. मग खाली उतरले. एकेक कुंडी अशी उचलून ठेवली, जसं आजारी माणसाला गाडीतून उतरवावं.

झाडं काय होती म्हणून सांगू! एक पार जांभळं, काठाला तेवढी हिरवी किनार, इरकली लुगड्यासारखी. एक पिवळं आणि त्यावर कुणीतरी कुंकवाची बोटं झटकल्यासारखे ठिपके. एकाच्या पानाच्या मधोमध गुलाबी जीभ. मी बघतच राहिले. आई चुलीपासून उठून आली.

"ह्याची भाजी व्हती का?"

"न्हाय, आई."

"फळ धरतंय?"

"न्हाय."

"फूल देवाला चालतंय?"

"फूल येऊच द्यायचं न्हाय. आलं की खुडायचं."

आईनं कमरेवर हात ठेवले. "मंग बाईंनी हे दीड म्हैना सांभाळाय दिलंय ते कशापायी?"

तात्या अजून पानं उलटीपालटी करत होते. एक पान उन्हाकडं धरलं, वास घेतला. मग हळू आवाजात, झाडांना ऐकू जाऊ नये असं, मला म्हणाले, "बाईंना म्हाईत हाय का, ही आजारी हायत?"

"ती तशीच असत्यात, तात्या."

"आसं त्या म्हणल्या?"

"व्हय."

तात्यांनी मान हलवली. नातेवाइकांनी दुखणं लपवलं की डॉक्टर हलवतात तशी.

पहिले पंधरा-वीस दिवस मी त्या कुंड्यांची आईच झाले होते. ओसरीच्या पूर्वेच्या अंगाला ओळीनं मांडल्या होत्या. कोवळं ऊन अंगावर घ्यायच्या आणि दुपारी पत्र्याच्या सावलीत यायच्या. मी सकाळी बोट घालून माती बघायचे. एक दिवस कळलं की देठ गोल नाही, चौकोनी आहे. बोटांत फिरवला की चार कडा लागतात, तुळशीसारख्या. तुरा यायचा तोही मंजिरीसारखा, निळसर. तो खुडताना मला चुकल्यासारखं व्हायचं, पण बाईंचा कागद होता. शेंडा खुडला की आठ दिवसांत त्या जागी दोन शेंडे यायचे. खुडलेला शेंडा मी पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवला, आणि चार-सहा दिवसांत त्याला पांढऱ्या मुळ्या सुटल्या. पेरलं नाही, नांगरलं नाही, आणि रोप तयार. मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "माझा पेला कवा मोकळा व्हईल?"

आता इंदापूरला माझ्या गॅलरीत कोलियसच्या अठ्ठावीस कुंड्या आहेत. नातू बारामतीला एमआयडीसीत कामाला आहे, मोटारसायकलवर जातो-येतो, आणि नर्सरीत नवी जात दिसली की हेल्मेटमध्ये ठेवून घेऊन येतो. मी त्याला सांगते, अरे, ते डोक्यात घालायला असतं. सून मोबाइलवर कोलियसचे व्हिडिओ दाखवते. त्यात एक बाई सांगते की आधी झाडाशी बोला. मी बोलत नाही. आमच्याकडं झाडाशी एकच माणूस बोलला, आणि त्यानं काय केलं ते आता सांगते.

मे महिन्यात पळसदेवला माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. चार दिवसांसाठी म्हणून मी गेले. कागद आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडी सांगितलं: बोट घालून बघ, कोरडं असलं तर पाणी, तुरा आला तर खूड. आई म्हणाली, "जा. म्हशीपरास सोपं हाय."

लग्न झालं, नवरी गेली. मावशीला करमेना म्हणून मला म्हणाली, राहा दोन दिवस. मावशीचं घर उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला. पाणी उतरलं होतं, जुन्या देवळाचा कळस आणि खाली थोडं अंग बाहेर आलं होतं, आणि पोरंसोरं चिखलातून तिथवर जायची. मीही गेले. पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट अशी की मावशीचा नवरा रोज सकाळी जाळं घेऊन जायचा आणि चिलापी घेऊन यायचा, आणि मावशी ती तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर तळायची. आमच्या आईला काट्याची धास्ती. घरात मासा कधी शिजला नव्हता. मी पहिल्यांदा तो कडेनं कुरकुरीत झालेला तुकडा भाकरीबरोबर खाल्ला आणि दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे सोळा. कुंड्यांची आठवण आली नाही असं नाही. रोज यायची, जेवण झाल्यावर.

सोळाव्या दिवशी परत आले तर ओसरी मोकळी.

"आई, कुंड्या?"

"तात्यांनी नेल्यात आंब्याखाली. लई ग्वाड झाल्यात गं, जा बघ."

विहिरीपाशी आमचा जुना आंबा. त्याच्या बुंध्याशी इतकी दाट सावली की दुपारीसुद्धा तिथं दिवेलागण वाटायची. तिथं नऊ कुंड्या गोल मांडलेल्या. झाडं दुप्पट झाली होती. पानं माझ्या तळव्याएवढी, लुसलुशीत, ताठ. आणि हिरवी. नऊच्या नऊ. किनार नाही, ठिपका नाही, जीभ नाही. पालकाच्या वाफ्यात ठेवल्या असत्या तर ओळखू आल्या नसत्या.

तात्या मागून आले. इतका आनंदलेला माणूस मी आमच्या घरात पूर्वी बघितला नव्हता. बहिणींच्या लग्नातसुद्धा नाही.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तू गेलीस आन मला राहवंना. पानं तापानं लाल झालीती. प्वाट बी रिकामं. आदी गारव्याला आणली. मंग युरियाचं पाणी, चार-चार दिसांनी, हातानं. शेणकाला बी दिला. रोज येऊन सांगितलं, भिऊ नगा, व्हतंय बरं." मग एका पानावरून बोट फिरवून, "आता बाई बी म्हणत्याल, पोरगी गुणाची हाय."

मला रडू फुटलं. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आगं, त्यात रडायचं काय," ते म्हणाले, "आपल्याच बाईंची झाडं."

आख्खी वस्ती येऊन बघून गेली होती म्हणे. बापूआबा म्हणून शेजारचे होते, ते तात्यांना म्हणाले होते, ह्यो गुण सरकारी दवाखान्यात बी न्हाय. अशा माणसाला मी काय सांगणार? मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्या पुन्हा ओसरीवर आणल्या, आंब्याखाली पाखरं घाण करतात असं निमित्त सांगून. लांबलेले शेंडे खुडले, पाणी कमी केलं. बाईंना यायला पंधरा दिवस होते. आठ-दहा दिवसांनी जांभळीच्या नव्या पानाच्या देठाशी नखाएवढा डाग आला. मला देव भेटल्यासारखं झालं. आणि त्याच सकाळी तात्यांनाही तो दिसला.

"उलटलं दुखणं," ते म्हणाले. तोंड एवढंसं झालं. रानात गेले, आणि येताना हातात युरियाची पुडी.

आता मात्र माझा नाइलाज झाला. मी पुढं होऊन पुडी धरली, बाईंचा कागद पुढं केला आणि म्हटलं, "तात्या, नका. हे वाचा."

तात्या चौथीपर्यंत शिकलेले. कागद उन्हाकडं धरून, पान बघावं तसा, बोट ठेवत सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. परत पहिल्यापासून वाचला.

"म्हंजी ही चांगलीच व्हती?"

"व्हय."

"मंग लाल कशापायी असत्यात?"

"कशापायीच न्हाय, तात्या. लोक बघत्यात."

ते ओसरीच्या कडेला बसले. इंजिन चालू होतं, पाणी कुठल्या तरी वाफ्यातून फुटून वाहत असणार, पण ते उठले नाहीत. आईनं आतून विचारलं काय झालं, तर मीच म्हटलं काही नाही. मग म्हणाले, "आदी का न्हाय बोललीस?"

"तुमी लई खूश व्हता."

"बरं," तात्या म्हणाले. "बाईंकडं मी येतो. माझं मी सांगतो."

बाई आल्या त्या आठवड्यात टेंपोत माळव्याबरोबर नऊ हिरव्या कुंड्या घालून आम्ही बारामतीला गेलो. तात्यांनी लग्नाला घालायचा सदरा घातला होता. माडीवर कुंड्या चढवल्या, गॅलरीत मांडल्या. साठेबाईंनी चष्मा लावला, एकेका कुंडीपाशी वाकल्या. बोलल्या काहीच नाहीत. वर्गात उत्तर चुकलं की अशाच गप्प राहायच्या, आणि मग आपण आणखी चुकायचो.

"बाई, चूक माझी हाय," तात्या दारातूनच म्हणाले. चपला काढल्या होत्या पण उंबऱ्याच्या आत आले नव्हते. "मला वाटलं रोग हाय. युरिया दिला. पोरगी रोज कानीकपाळी वरडत व्हती, देऊ नका, देऊ नका. मीच आयकलं न्हाय. तिचा काय बी दोष न्हाय."

तात्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. बाजारात माल कालचा असेल तर कालचा म्हणून सांगायचे. ते आता माझ्याकडं न बघता गॅलरीच्या गजाकडं बघत होते. मला कळत होतं, गप्प राहिलं तर खोली माझी. बाई कुंडीवरून मान वर करून मला म्हणाल्या, "असं झालं?"

"न्हाय, बाई," मी म्हटलं. "मी तिथं नव्हतेच. मी पळसदेवला होते. चार दिवसांसाठी गेले आणि सोळा दिवस राहिले."

"सोळा दिवस काय केलंस?"

"मासे खाल्ले."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं, ती वाजतच राहिली.

"कुठले?" बाई म्हणाल्या.

"चिलापी."

"चांगले असतात?"

"व्हय, बाई."

तात्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी तिखट-मिठाचं विचारलं नाही, पण विचारतील असं वाटलं. मग त्या उठल्या, पदराला हात पुसले. "मी नीट परत आण म्हणाले होते. ह्या नीट नाहीत," त्या म्हणाल्या. "कॉलेज सुरू व्हायला महिना आहे. ही जांभळी परत ने. तिला रंग आला की घेऊन ये. नाही आला तरी येऊन सांग. आणि ह्या वेळी पाहुणचाराला जाऊ नकोस." मग तात्यांकडं वळून, "आत या हो, चहा ठेवते. तुम्ही ह्यांना इतकं मोठं केलं कसं, ते सांगा. ह्या कधी एवढ्या झाल्या नव्हत्या." तात्यांनी चहा बशीत ओतला आणि पिता पिता युरियाचं प्रमाण सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. कशाला, ते मला आजही माहीत नाही.

तो एक महिना आमच्या घरात जो कठीण गेला तो तात्यांना. काही तरी करायचं असलं की माणूस करतो. काही करायचं नाही, हे त्यांना जमेना. जांभळी ओसरीच्या पूर्वेला होती. मी शेंडे खुडून पुन्हा दोन पेल्यांत लावले, आईचे पेले संपल्यामुळं आई लोट्यातून चहा पीत होती आणि त्याबद्दल दिवसातून दोनदा सांगत होती. तात्या रानातून आले की कुंडीपुढं बसायचे आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे. युरियाचं पोतं आईनं भुसकाटाच्या ढिगाआड सारून ठेवलं होतं. एक दिवस त्यांनी ते शोधून काढलं, बघितलं, आणि पुन्हा झाकून आले. तसं त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

माझा निकाल लागला, मी पास झाले. पेढे आणले नाहीत, रंग अजून आला नव्हता.

मग एकेक पान फुटू लागलं. आधी शिरांपाशी जांभळट, मग मधोमध, मग सगळं पान भरून, काठाला बारीक हिरवी रेघ तेवढी राहिली. जुनी हिरवी पानं मी खालून काढत गेले. त्याच दिवसांत बापूआबा मिरचीचं पान दाखवायला आले. पान राहिलं हातात, नजर गेली कुंडीवर.

"तात्या, हे काय वो? लाल्या! तुमच्याच वसरीवर?"

तात्यांनी मिरचीच्या पानासाठी हात पुढं केला.

"गावाला औषध सांगताय आन घरात हे?" बापूआबांना चेव आला. "मागं बरं केलंतं की हेच. का गुण गेला हाताचा?"

मी दारात उभी होते. मला वाटलं आता तात्या सांगतील, बाईंचं आहे, पोरीचं आहे, आपल्याला काय कळतं.

"रोग न्हाय त्यो," ते म्हणाले.

"मंग काय हाय?"

"हौस हाय."

बापूआबांनी कुंडीकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, आणि आपलं मिरचीचं पान परत सोग्यात बांधलं. त्यानंतर महिना-दोन महिने ते पानं घेऊन दुसरीकडं जात होते असं कानावर आलं. तात्यांनी ते ऐकून घेतलं.

कॉलेज सुरू व्हायच्या चार दिवस आधी आम्ही निघालो. मी टेंपोत पुढं बसले, कुंडी मांडीवर. पानं वाऱ्यानं फाटू नयेत म्हणून आईनं वर पातळ लुगड्याचा तुकडा बांधून दिला होता. मी नेसूचं लुगडं सोडून सोबत काहीच घेतलं नव्हतं. बाई ठेवून घेतील की नाही, हे बाईंनी अजून सांगितलं नव्हतं, आणि न सांगताच सामान घेऊन दारात उभं राहायचं मला धारिष्ट झालं नाही. तात्या मागं माळव्यात बसले होते.

माडीवर बाईंनी फडकं सोडलं. कुंडी उजेडाकडं फिरवली. एक पान धरून मागून बघितलं. बोटाचं पेर मातीत घातलं, बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं. तात्या या वेळी उंबऱ्याच्या आत होते.

"पाणी कालच घातलंस?"

"व्हय, बाई. काल सकाळी."

त्यांनी कुंडी इतर आठांच्या ओळीत नेऊन ठेवली. त्या आठही एव्हाना रंगल्या होत्या, बाईंच्या हाताखाली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुझं सामान कुठं आहे?"

मी खाली बघत म्हटलं, "आणलं न्हाय, बाई. तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक नव्हतं."

"आणलंय," तात्या म्हणाले.

मी वळून बघितलं. ते सदऱ्याची गुंडी चाचपत होते. "टेंपोत हाय. ट्रंक. गवारीच्या पोत्यांखाली. तुज्या आईनं भरलीय, दोन लुगडी, वाकळ, वह्या, समदं हाय. माळवं उतरलं की घेऊन येतो वर."

"आन बाई न्हाय म्हणल्या असत्या तर?" मी म्हटलं.

"तर गुमान परत नेली असती," तात्या म्हणाले. "तुला कळलं बी नसतं."